लॅपटॉप कधी सुरू होतो, कधी होत नाही. मदरबोर्ड बदलायचा की आणखी काही बघायचं?

जमाखर्च | २२ मे, रात्री ९.१५
नमस्कार मंडळी. मी नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहते आणि घरूनच इतवारीतल्या काही दुकानांचे हिशेब, जीएसटी वगैरे बघते. सगळं काम टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एका लॅपटॉपवर. २०१९ चा आहे, आठव्या पिढीचा आय५ प्रोसेसर. मूळची ८ जीबी रॅम होती, नंतर आणखी ८ टाकून घेतली. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली त्यालाही बराच काळ झाला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा तिकडेच जाईल.

बटन दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी. कंपनीचा लोगोसुद्धा येत नाही. बटन दाबून धरायचं, बंद करायचं, परत दाबायचं. कधी पहिल्या दाबात सुरू होतो, कधी चहा उकळून, गाळून, पिऊन झाला तरी तसाच. एकदा का सुरू झाला की रात्रीपर्यंत काही तक्रार नाही. रीस्टार्टही नीट होतो.

बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या बाजारातल्या) एका दुकानात दाखवला. तिथे दुपारी पहिल्याच दाबात सुरू झाला. तरी त्या माणसाने थोडा वेळ ठेवून घेतला आणि "बोर्ड गेलाय, साडेतेरा हजार" असं सांगितलं. सात वर्षांच्या मशीनवर एवढे घालावेत का? ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात, त्यामुळे मशीन हातातून सोडायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

तर्रीबाज | २२ मे, रात्री ९.३१
जमाखर्च भाऊ, लॅपटॉपले नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला वाटते. रातभर कूलरसमोर झोपते, मंग सकाळी उठाचा कंटाळा येऊन राहिला त्याले.

जमाखर्च | २२ मे, रात्री ९.३८
वर "बघते" लिहिलंय. भाऊ नाही, ताई.

तर्रीबाज | २२ मे, रात्री ९.४०
सॉरी ताई. पण कूलरचं खरंच विचारून राहिलो. आहे का जवळ?

निळी_स्क्रीन | २२ मे, रात्री ९.५८
फास्ट स्टार्टअप बंद करून बघा. विंडोज ८ पासून ही भानगड आहे. आपण शटडाउन करतो तेव्हा विंडोज पूर्ण बंद होत नाही, आतला गाभा डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तोच उचलते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं कोरं सुरू होतं. तुमचा रीस्टार्ट नीट होतो आणि शटडाउननंतरच त्रास होतो, म्हणजे अगदी याच दुखण्यासारखं दिसतंय. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटनाच्या पर्यायांत जाऊन फास्ट स्टार्टअपसमोरची खूण काढा. नाहीतर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडून पॉवरसीएफजी /एच ऑफ (powercfg /h off) टाइप करा. त्याने हायबरनेटही बंद होईल, ते लक्षात ठेवा.

सोल्डरगन | २२ मे, रात्री १०.२०
निळी_स्क्रीन, लोगोच येत नाही म्हणतायत त्या. लोगो दाखवणं बायोसचं, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामचं काम, विंडोजचा नंबर त्याच्या नंतर. ज्याची पाळीच आली नाही त्याच्यावर कशाला खापर फोडता?

ताई, एक पैसाही खर्च करायच्या आधी ही माहिती द्या:
स्क्रीन काळी असताना कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर मशीन आतून चालू आहे आणि भानगड स्क्रीनकडे आहे. तेव्हा टॉर्च तिरपा धरून स्क्रीनवर पुसट काही दिसतं का बघा, किंवा एचडीएमआयने टीव्हीला जोडा. दिवा ढिम्म असेल तर मशीन बायोसमध्येच अडकलंय.
सुरू होताना बीप वाजतात का, किंवा एखादा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो का? त्याचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, मॉडेल नंबर घालून शोधावा लागतो.
सुरू झाल्यावर तारीख-वेळ बरोबर असते का?
चार्जर काढून, नुसत्या बॅटरीवर काही फरक पडतो का?
आणि त्रास कोणत्या वेळी होतो. हे नीट लिहा, यातच अर्धं उत्तर असतं. दुकानात दुपारी सुरू झाला आणि घरी सकाळी नाही, हे मला साडेतेरा हजारांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

मी नंदनवनला दुरुस्तीचंच काम करतो, पण मशीन माझ्याकडे आणा असं म्हणत नाहीये. गैरसमज नको.

नवकोर | २२ मे, रात्री १०.४४
सात वर्षं झाली, आता त्याला निरोप द्या. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी नेहमीची सुरक्षा अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हिशेबाचं, दुसऱ्यांच्या पैशाचं काम अशा मशीनवर करणं बरं नाही.

जुनं_ते_सोनं | २२ मे, रात्री १०.५२
आठव्या पिढीचा आय५ विंडोज ११ च्या यादीत बसतो हो. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) बायोसमध्ये चालू असलं की झालं. आणि रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून कसे चढलेत ते पाहिलंत का? आत्ता नवीन घ्यायला सांगणं म्हणजे दुष्काळात विहीर विकत घ्यायला लावणं.

मुळामुठा | २२ मे, रात्री ११.०५
४५ अंशांत माणसं सुरू होतायत हेच आश्चर्य. लॅपटॉपचं काय घेऊन बसलात.

तर्रीबाज | २२ मे, रात्री ११.०९
आले पुण्याचे. तुमच्याकडे ४० झालं का बातमी छापून येते. आमच्याकडे २०१३ च्या मे मधी ४७.९ झालं होतं, तवा बी लोक बर्डीवर खरेदी करत होते.

वाचनमात्र | २२ मे, रात्री ११.१२
आणि २०२४ च्या मे अखेरीस रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवलं होतं, ते विसरलात? नंतर हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तोवर अख्ख्या देशाला नागपूर भट्टीत गेल्याची खात्री पटली होती.

एक्सेलकाकू | २३ मे, सकाळी ७.५०
माझाही अगदी सेम प्रॉब्लेम! लोगो येतो, खाली गोल गोल फिरत राहतं आणि मग निळी स्क्रीन येऊन "ऑटोमॅटिक रिपेअर" म्हणतो. शाळेचे निकाल अडकलेत. काय करू?

सोल्डरगन | २३ मे, सकाळी ८.१५
एक्सेलकाकू, सेम नाही, उलट आहे. तुमचा लोगो येतो, म्हणजे बोर्ड, रॅम, स्क्रीन बहुतेक ठीक. तुमचं दुखणं डिस्क किंवा विंडोजमध्ये. वेगळा धागा काढा, नाहीतर दोघींच्या मशीनला एकमेकींची औषधं दिली जातील.

एक्सेलकाकू | २३ मे, सकाळी ८.२०
धागा कसा काढतात ते सापडत नाहीये, इथेच विचारते अधूनमधून.

जमाखर्च | २३ मे, सकाळी १०.३०
सोल्डरगन, आज सगळं बघून लिहितेय.
कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही. दाबत राहिले तरी ढिम्म. टीव्हीला जोडून पाहिला, तिथेही काही नाही. बीप नाही, लुकलुकणं नाही. तारीख-वेळ बरोबर असते. नुसत्या बॅटरीवरही तेच. त्रास सकाळीच होतो. इतवारीत एका दुकानाच्या एसी केबिनमध्ये बसून काम करते तेव्हा एकदाही अडला नाही. आणखी एक, चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या कडेला हात लावला की बारीक मुंग्या येतात. त्याचा संबंध आहे का?

तर्रीबाज, हो, कूलर आहे. टेबल खिडकीलगत आहे आणि खिडकीत कूलर. रात्रभर चालतो. लॅपटॉप टेबलावरच असतो.

अजनी_लोको | २३ मे, दुपारी १२.१०
मुंग्या येतात हे वाचलं आणि लिहायला बसलो. आयुष्य विजेच्या कामात गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या त्या सॉकेटला अर्थिंग नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे. तीन पिनांच्या चार्जरमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून अर्थला जोडलेले. अर्थ मिळाली नाही की मशीनची धातूची बॉडी मुख्य विजेच्या साधारण निम्म्या दाबावर (व्होल्टेजवर) तरंगत राहते. प्रवाह फार थोडा असतो, म्हणून झटका न बसता मुंग्या येतात. तिसरी पिन मोडून किंवा दोन पिनांचा अॅडॉप्टर लावून वापरत असाल तर तो प्रकार आजच बंद करा.

आपल्याकडे उन्हाळ्यात हे हमखास होतं. अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ टाकून केलेला असतो, त्यात ओल हवी. एप्रिल-मे मध्ये जमीन भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थ फक्त नावाला उरते. जुन्या घरांत लोकांना आपला खड्डा कुठे आहे हेच माहीत नसतं, कुणी वर फरशी घातलेली, कुणी तुळशीवृंदावन बांधलेलं. खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकावं.

वायरमन बोलवा आणि मल्टिमीटर लावायला सांगा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. यापेक्षा वेगळं दिसलं तर दुरुस्ती. माझ्या मते लॅपटॉपचा रोगही हाच आहे.

आणि ज्या खोलीत अर्थ नाही त्याच खोलीत कूलर चालतो आहे. लॅपटॉप राहू द्या बाजूला, आधी हे करा. लोखंडी कूलर, पाण्याचा पंप, ओली फरशी, अनवाणी माणूस. विदर्भात दर उन्हाळ्यात यातून माणसं जातात. पाणी भरताना प्लग काढल्याशिवाय कूलरला हात लावू नका.

तर्रीबाज | २३ मे, दुपारी १२.२२
+१. मस्करी नाही, आमच्या गल्लीत असंच झालं होतं. काका बरोबर सांगून राहिले.

सोल्डरगन | २३ मे, दुपारी १.०५
काकांच्या कूलरबद्दलच्या शब्दन् शब्दाला अनुमोदन. अर्थिंग दुरुस्त करायलाच हवं. पण लॅपटॉपच्या निदानाशी मी सहमत नाही. अर्थ नसेल तर मुंग्या येतात, टचपॅडवर बाण उड्या मारतो, स्पीकरमध्ये घुरघुर येते. मशीन बायोसमध्ये अडकत नाही. शिवाय ताई म्हणतात की नुसत्या बॅटरीवरही तेच होतं. चार्जर काढला की भिंतीतल्या अर्थचा संबंध संपला.

अजनी_लोको | २३ मे, दुपारी १.४०
बॅटरीचा मुद्दा मान्य. तरी इतक्या दिवसांत कमी-जास्त दाबाने आत काही दुखावलं असेल. आपल्याकडे संध्याकाळी सगळ्यांचे एसी लागले की दाब किती पडतो ते ठाऊक आहे ना? एक स्टॅबिलायझर घ्याच.

निळी_स्क्रीन | २३ मे, दुपारी २.०२
काका, चार्जरवर बारीक अक्षरांत बघा, इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. दाब १८० वर आला तरी त्याला फिकीर नाही. स्टॅबिलायझर फ्रिजसाठी ठेवा. वीज जाऊन एकदम येते तेव्हाचा झटका वाईट, त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर बरा. मात्र तोही अर्थिंग असेल तरच नीट काम करतो, म्हणजे फिरून तुमच्याच खड्ड्यापाशी आलो.

सोल्डरगन | २३ मे, रात्री १०.१०
दुकान बंद करून निवांत लिहितोय.

दिवा, पंखा चालू, कॅप्स लॉक ढिम्म, टीव्हीवर काही नाही, तारीख बरोबर. तारीख बरोबर म्हणजे बायोसचा छोटा सेल बहुधा ठीक. बऱ्याच लॅपटॉपांत ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो. तो संपला की घड्याळ मागे जातं. मशीनला वीज मिळते, पण अगदी पहिल्या तपासणीतच ते थांबतं. आणि पहिली तपासणी म्हटलं की रॅमवर पहिला संशय. रॅम सापडली नाही तर बहुतेक मशीन बीप देतात किंवा दिवा लुकलुकवतात, पण अर्धवट सापडली, म्हणजे एखादा संपर्क धड लागतोय आणि धड लागत नाही, तर असंच मुक्याने अडकून बसतात.

आता सकाळ आणि कूलर. कूलरची हवा दमट असते, हे सांगायला नकोच. खोलीला हवा बाहेर जायला वाट नसेल तर रात्रभरात ओलावा चांगलाच साचतो. त्यात आपल्याकडे बोअरचं, टँकरचं जड पाणी. पंख्याचा जोर जास्त आणि वुडवूल (कूलरचं गवत) जुनं झालेलं असेल तर हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात आणि त्यात क्षार असतात. वुडवूलवर पांढरा थर बसतो, तोच. लॅपटॉपच्या आत धूळ असतेच. धूळ आणि क्षार मिळून ओल धरून ठेवतात. रॅमच्या पट्टीच्या संपर्कांवर सोन्याचा मुलामा असतो खरा, पण तो फार पातळ असतो. खालच्या धातूला कुठे वाट मिळाली की तिथे गंज धरतो. चालू-बंद करून करून मशीन थोडं तापलं की ओल उडते आणि गाडी सुरू. एसी केबिनमध्ये हवा कोरडी, तिथे अडत नाही. रीस्टार्टमध्ये मशीन तापलेलंच असतं. सगळं जुळतंय. उन्हाळ्यात माझ्याकडे असे केस येतातच, तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शपथ घेणार नाही. बोर्डावरचा एखादा टाका तडकला असेल तरीही थंड-गरम असा फरक पडतो.

करायचं असं. आधी टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर. मग विंडोजमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का बघा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून ठेवा. बायोसची सेटिंगं हलली तर मशीन ती मागू शकतं आणि तेव्हा नसली तर डेटा गेला समजा.

नंतर बंद करून चार्जर काढा, मागचं झाकण उघडा, आतली बॅटरी तिच्या कनेक्टरपासून सोडवा, पॉवर बटन अर्धा मिनिट दाबून धरा. नळाला किंवा एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ओढल्या की पट्टी तिरपी वर येते. दोन्ही पट्ट्या काढा. एकच पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये घालून सुरू करा, मग दुसरी. नंतर दोन्ही पट्ट्या एकेक करून दुसऱ्या स्लॉटमध्ये. प्रत्येक जुळणी सकाळी तपासा, दुपारी तपासून उपयोग नाही. पट्टी बदलल्यावर पहिल्यांदा स्क्रीन मिनिटभर काळी राहू शकते, मशीन नव्या रॅमशी जुळवून घेत असतं. घाईने बटन दाबू नका.

हाताला सवय नसेल तर ओळखीच्या कारागिराकडून करून घ्या, पण हीच चाचणी करायला सांगा.

जुनं_ते_सोनं | २३ मे, रात्री १०.३५
पट्टी काढलीच आहे तर खोडरबरने सोनेरी पट्ट्या घासून घ्या. वर्षानुवर्षं करतोय, लख्ख होतात.

सोल्डरगन | २३ मे, रात्री १०.४१
लख्ख होतात कारण मुलामा निघतो. एकदा केलं तर चालून जाईल, दर वेळी करू नका. आणि रबरचे कण स्लॉटमध्ये गेले तर नवीन दुखणं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड बरं. ओलं असताना बसवायचं नाही. स्लॉटच्या आत काड्या घालायच्या नाहीत.

जुनं_ते_सोनं | २३ मे, रात्री १०.४५
तुमचं अल्कोहोल, आमचं खोडरबर. मशीन सुरू झालं म्हणजे झालं.

तर्रीबाज | २३ मे, रात्री १०.४७
अल्कोहोलनं सुरू होणारे आमच्याकडे लय आहेत, त्यात लॅपटॉपची भर.

नवकोर | २३ मे, रात्री १०.५९
एवढा खटाटोप करून उद्या एसएसडी गेली तर? माझं मत कायम.

पिंट्या_हिंगणा | २४ मे, सकाळी ९.०५
लिनक्स टाका, सगळं सुरळीत.

निळी_स्क्रीन | २४ मे, सकाळी ९.०७
लोगो येत नाही म्हटलंय भाऊ. आणि टॅली विंडोजवर चालतं.

वाचनमात्र | २४ मे, सकाळी ९.३०
दुकानात देताना एक सांगतो. देण्याआधी झाकण उघडून रॅम आणि एसएसडीवरच्या लेबलांचे, सीरियल नंबर दिसतील असे फोटो काढून ठेवा. पावतीवर "दोन ८ जीबी रॅम, एक एसएसडी" असं लिहून घ्या. "बोर्ड गेला" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, दुसरी रॅम लावून पाहिली का? उत्तर देताना चेहरा बघा.

अवांतर: लॅपटॉप दुपारी गाडीत ठेवून कामं करत फिरू नका. लिथियम-आयन बॅटरीला चार्ज करायची साधारण मर्यादा ४५ अंशांची असते, आणि बंद गाडीत मे महिन्यात त्याहून कितीतरी जास्त होतं. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा झाकण नीट मिटेनासं झालं तर बॅटरी फुगली आहे. वापर थांबवा, टोचून हवा काढायला जाऊ नका.

एक्सेलकाकू | २४ मे, सकाळी १०.१५
निळी_स्क्रीन, माझ्याकडे आत्ता थोडा वेळ सुरू झालाय. काय करू पटकन?

निळी_स्क्रीन | २४ मे, सकाळी १०.२१
निकालाच्या फायली पेनड्राइव्हवर घ्या. बाकी सगळं नंतर. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून डिस्कची तब्येत बघा. "कॉशन" किंवा "बॅड" दिसलं तर डिस्क बदलायची. रिपेअरच्या नादी लागून मरत्या डिस्कवर आणखी ताण देऊ नका.

एक्सेलकाकू | २४ मे, सकाळी ११.००
घेतल्या फायली. देव तुमचं भलं करो. पिवळ्या रंगात "कॉशन" आलंय.

जमाखर्च | २८ मे, दुपारी ४.१०
उशिरा लिहितेय, पण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

अजनी काका, वायरमन आला होता. त्या भिंतीवरच्या सॉकेटमधली अर्थची तार मागच्या बाजूला नुसती लोंबत होती, कुठे जोडलेलीच नव्हती. जोडली, खड्डाही शोधला (तुळशीवृंदावनाखाली नाही, पायरीशेजारी सापडला), पाणी टाकलं. मुंग्या बंद. कूलरचा सॉकेट वेगळ्या भिंतीवर आहे, तिथे अर्थ ठीक होती, तरी पंप बदलून घेतला. लॅपटॉप मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अडला. म्हणजे तुमचं आणि सोल्डरगन यांचं, दोघांचंही बरोबर निघालं.

मग माझ्या भाच्याने झाकण उघडलं. आत धुळीचा थर आणि दुसऱ्या स्लॉटच्या बाजूला पांढरट डाग. पहिल्या स्लॉटमध्ये दोन्ही पट्ट्या एकेक करून चालल्या, सकाळीसुद्धा. दुसऱ्या स्लॉटमध्ये कोणतीही पट्टी एकटी घातली की सकाळी काळी स्क्रीन. पट्ट्या चांगल्या, स्लॉट वाईट, असंच ना?

सोल्डरगन | २८ मे, रात्री ९.५०
असंच. अशी स्वच्छ चाचणी दुकानात येणाऱ्यांपैकी फार थोडे करून आणतात. भाच्याला शाबासकी.

आता तीन वाटा. कारागिराकडून भिंगाखाली स्लॉट अल्कोहोलने साफ करून घ्यायचा. डाग नुसता वर असेल तर एवढ्यात भागतं. गंज पिनांच्या मुळापर्यंत गेला असेल तर स्लॉट बदलावा लागतो. ते गरम हवेच्या मशीनचं, नाजूक काम आहे, पण बोर्ड बदलण्याच्या खर्चाच्या आसपासही जात नाही. तिसरी वाट म्हणजे दुसरा स्लॉट रिकामा ठेवून एका पट्टीवर काम करायचं.

पुढे वाढवायची झाली तर पहिल्या स्लॉटमध्ये १६ जीबीची एक पट्टी बसते का, ते मॉडेल नंबरवरून बघा. पण आत्ताच्या भावात मी घाई करणार नाही.

आणि टेबल खिडकीपासून हलवा. रात्री लॅपटॉप बॅगेत घालून कपाटात ठेवा. समोरच्या भिंतीची खिडकी किंवा झरोका उघडा ठेवलात तर ओलावा साचणार नाही, शिवाय कूलरही जास्त गार करेल. दारं-खिडक्या घट्ट लावून कूलर चालवणारे आपल्याकडे घरोघरी आहेत.

अजनी_लोको | २८ मे, रात्री १०.०५
झरोक्याबद्दल शंभर टक्के. कूलर म्हणजे एसी नव्हे. पूर्वी वाळ्याच्या ताट्या लावायचे तेव्हा हवा आरपार जायला वाट ठेवलेली असायची.

नवकोर | २८ मे, रात्री १०.१२
तरी विंडोज ११ वर जा. तेवढं ऐका माझं.

जमाखर्च | ३० मे, सकाळी ११.४०
टेबल हलवलं. एका पट्टीवर चालवतेय आणि रोज पहिल्या दाबात सुरू होतोय. टॅली आणि ब्राउझर उघडे असले तरी ८ जीबीत भागतंय, फक्त मोठ्या एक्सेल फायलीला जरा दमतो. स्लॉटची सफाई २० तारखेनंतर, ३बी भरून झालं की करून घेईन. नवकोर, विंडोज ११ चा बेतही तेव्हाच. बर्डीच्या दुकानदाराचा दोनदा फोन येऊन गेला, "बोर्ड मागवू का?" म्हणून. नको सांगितलं.

एक्सेलकाकू | ३० मे, दुपारी १२.०५
अभिनंदन ताई. मी नवी एसएसडी टाकून घेतली, छान चालतोय. फक्त हळू आहे, दुकानदार म्हणाला रॅम कमी पडतेय, ४ जीबीच आहे. तुमची ती उरलेली पट्टी विकायची आहे का?

जमाखर्च | ३० मे, दुपारी १२.१८
सफाई जमली नाही तर देईन की. तुमचा लॅपटॉप कोणत्या सालचा?

एक्सेलकाकू | ३० मे, दुपारी १२.२०
२०१३.

सोल्डरगन | ३० मे, दुपारी १२.३१
काकू, तुमची रॅम जुन्या पिढीची, डीडीआर३ असणार आणि ताईंची त्यानंतरची, डीडीआर४. २०४ पिना आणि २६० पिना, खाचही वेगळ्या जागी असते. बसणार नाही. जोर लावून बसवायला जाऊ नका. डीडीआर३ ची जुनी पट्टी माझ्याकडे पडलेली असेल, मॉडेल नंबर पाठवा, शोधतो.